थकबाकी शून्य

वार्षिक सभेला पेढीत शिरताना प्रत्येक सभासद तिजोरीवर टकटक करतो. आमच्या पतपेढीची हीच खरी तपासणी. आवाज भरीव आला की माणूस हात जोडतो आणि पुढची खुर्ची धरतो. दार चार बोटं जाड पोलादाचं; आत नुसतं झुरळ असतं तरी आवाज भरीवच आला असता.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही टकटक केली. "ऐकलंस? गच्च भरलीय."

"जाऊबाई, तुम्ही दार ऐकलंत."

"तुझं आपलं काहीतरीच!"

त्यांच्या पर्समध्ये आठ लाखांचा चेक होता. तीस वर्षं इस्पितळात रुग्णांची अंथरुणं बदलून मिळालेली पुंजी. दुसरं काही नाही. सभा संपली की ती इथं ठेवीत जाणार होती.

अध्यक्ष उठले. "बारा वर्षं! एकही हप्ता बुडाला नाही! थकबाकी शून्य! मोठमोठ्या बँकांना जमलं नाही ते इथं कसं घडतं? मी कर्जदाराच्या फक्त डोळ्यांत बघतो!"

टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांनी चष्मा काढून डोळे टिपले. "काय ती नजर!" हिशेब तपासनिसांनीही मान डोलावली. तपासनीस म्हणजे अध्यक्षांचे जावई.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पण हातातून जाणारा कागद वाचायची खोड काही सुटली नाही. अहवालाच्या चारशे प्रती दरवर्षी मीच काढते. मोठ्या कर्जांच्या यादीत दरवर्षी नावं तीच, आकडे मात्र फुगलेले. फेडणाऱ्याचं कर्ज वाढतं कसं? शिवाय चपलांचा दुकानदार दर वर्षअखेरीला नव्या कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे प्रती काढायला यायचा. त्याच्या दुकानाला दोन वर्षं कुलूप आहे.

मी उठले. "अध्यक्षसाहेब, बंद दुकानातून हप्ता कसा येतो?"

"ताई, तुम्हाला बँकेतलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारतेय." मी मागं वळले. "भाऊ, तुम्हीच सांगा."

चपलावाला खाली बघत उठला. "मी कुठून फेडणार, ताई? वर्षअखेरीला बोलावतात, नव्या कर्जावर सही घेतात. त्यातून जुनं कर्ज व्याजासकट फिटतं. माझ्या हातात साधा चहासुद्धा येत नाही."

हशा पिकला आणि मध्येच विरला.

"आणि हेच व्याज तुम्ही नफा म्हणून दाखवता?" मी विचारलं. "पेढीच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेलं?"

"ही तांत्रिक बाब आहे," जावई पुटपुटले.

आता जाऊबाई उभ्या राहिल्या. "मला एवढंच सांगा. उद्या मी माझे आठ लाख परत मागितले तर कुठून द्याल?"

अध्यक्ष मायेनं हसले. "काळजीच सोडा, माई! नव्या ठेवी येतच असतात की!"

"म्हणजे आज मी दुसऱ्या कुणाचे तरी पैसे परत करायला आलेय," जाऊबाई म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली.

"अहो, पण ठेवीवर चौदा टक्के..." मास्तर कळवळले.

"तुम्ही घ्या, मास्तर. माझेपण तुम्हीच घ्या."

बायांनो, बाप्यांनो, ठेव ठेवण्याआधी अहवाल मागा. कर्ज कुणाला दिलंय, त्याचा धंदा चालू आहे का, हिशेब तपासणारा कुणाचा पाहुणा, हे विचारा. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. पैसे तुमचे आहेत; लाजायचं असेल तर त्यांनी लाजावं.