चेनसॉच्या आवाजातली हाक

मित्रांनो, मी एक जुना चेनसॉ आहे. पेट्रोलवर चालतो. बोरीवलीला नॅशनल पार्कच्या भिंतीलगत लाकडाची वखार आहे, तिथे मी असतो. सोसायट्यांत छाटलेल्या फांद्या आणि वाऱ्याने पडलेली झाडं तिथे येतात. त्यांचं जळण करायचं, हे माझं काम. ते लग्नाचे आचारी घेऊन जातात.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतं ते साकीनाक्याचं दुकान. वखारवाले धाकू आणि त्यांची बायको प्रेमा तिथे आले होते. धाकूंना सगळ्यात मोठं मशीन हवं होतं. प्रेमाने ते उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. हात दुपारपर्यंत गळून जातील, म्हणाली. लहान मशीन जाड ओंडक्यात तापेल, म्हणून तेही नको. मग तिने मला उचललं.

"मावशी, मिक्सर घेताय काय?" दुकानदार किरण हसला.

"मिक्सरात बोट जाता. ह्याच्यात माझो नवरो जायत. साखळी थांबवूचो ब्रेक दाखव आधी."

किरणने ब्रेक दाखवला. साखळी तुटली तर दुसरी इथेच मिळेल का, हेही तिने विचारून घेतलं. मग धाकूंकडे वळली. "आयकलास? ह्याच घेवया."

अशी माझी निवड झाली. मला त्याचा अजून अभिमान आहे.

वखारीत धाकू मला चालवायचे आणि संध्याकाळी प्रेमा मला स्वच्छ करायची. फिल्टरमधला भुसा ब्रशने काढायची, साखळीला तेल द्यायची, एकेका दाताला कानस लावायची. आचारी म्हणायचे, हे मशीन कधी दगा देत नाही. दगा न देण्यामागे तिचे हात होते.

मग ती आजारी पडली आणि गेली. तिच्यासाठी लागलेलं लाकूड मीच कापलं.

त्यानंतर धाकूंनी मला पुसलं नाही. फिल्टर भुशाने भरला, साखळी सैल पडली. पण रोज दुपारी ते मला चालू करायचे. लाकूड घ्यायचे नाहीत. कानावरचे मफ काढायचे, मला नुसता हातात धरून उभे राहायचे आणि कान माझ्याजवळ न्यायचे. रोज थोडा अधिक जवळ. सैल साखळी त्यांच्या गालाशेजारी थरथरत असायची.

कारण माझ्या आवाजात एक हाक यायची. मित्रांनो, ती मी मारत नव्हतो. माझं इंजिन मला ठाऊक आहे. ते असा आवाज काढत नाही.

एके दुपारी शेजारच्या शांताबाई आल्या. त्या धाकूंच्याच गावच्या.

"धाकूभाव, लाकूड खंय आसा? काय ऐकतास एवढा?"

"प्रेमा हाक मारता."

"कितीदा?"

"दोनदा. तिसरी मारल्यान की ओ देतलंय."

त्यांच्या गावात रानातल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देत नाहीत. पहिल्या दोन हाका कोणाच्याही असू शकतात. ओ दिली की माणूस त्या हाकेमागे चालू लागतो.

शांताबाई दोन पावलं जवळ आल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणान हाक मारता ती?"

"धाकू म्हणान."

"प्रेमान जन्मात कधी तुमचा नाव घेतल्यान?"

धाकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिसरी हाक आली. अगदी स्पष्ट. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं आणि माझं बटण दाबलं.

मी बंद झालो. साखळी थांबली.

आणि भिंतीपलीकडच्या झाडांतून पुन्हा हाक आली. "धाकू."

ती शांताबाईंनीही ऐकली. त्यांनी पदर घट्ट आवळला, भिंतीकडे पाठ केली आणि मोठ्याने विचारलं, "आज जेवलास काय?"

"नाय," धाकू म्हणाले.

"मगे चला. बांगड्याचा सार केलंय. फुडे चला तुमी, मी मागसून येतंय."

ते गेले. मी ओंडक्यावर एकटाच राहिलो. हाका अंधार पडेपर्यंत येत होत्या.

आता मी परत लाकूड कापतो. फिल्टर धाकू स्वतः साफ करतात.

मित्रांनो, मशीनला तेल द्या, धार द्या, एवढं तर मी सांगेनच. पण कोणी चालू मशीनजवळ एकटाच काही ऐकत उभा दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. त्याला जेवायला बोलवा. नको म्हणाला, तरी हात धरून न्या.