अर्ध्या रस्त्यात

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. कोरा कागद काकांनी अनेकदा पुढ्यात घेतला, पण पहिल्या ओळीपुढे गाडी सरकेना. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘हॉस्पिटलसमोर रस्ता ओलांडताना यांचे पाय उचलत नाहीत. दिवा आम्हाला अर्ध्या रस्त्यात सोडून जातो. काही करता येईल का?’

काकांचं उभं आयुष्य सिग्नलच्या कंट्रोल रूममध्ये गेलं होतं. पण दिवे आता त्यांच्या हातात राहिले नव्हते. प्रत्येक चौकाला आपापला प्रोग्रॅम होता. शेजारच्या चौकांशी घासाघीस करून तो आपल्या गाड्यांसाठी सेकंद मिळवायचा. खोलीतले सगळे या प्रोग्रॅमना ‘सुना’ म्हणत.

एका सकाळी पडद्यावर हॉस्पिटलसमोरच्या चौकात ते जोडपं दिसलं. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही अंगांनी गाड्या. बाईंनी एका हातानं नवऱ्याचा दंड धरला होता, दुसरा गाड्यांपुढे आडवा केला होता.

काका शेजारच्या इंजिनिअर मुलीला चाचरत म्हणाले, “कॅमेऱ्याला माणूस दिसतो ना? मग पट्ट्यांवर कुणी आहे तोवर गाड्या सोडायच्या नाहीत, एवढं या चौकातल्या सुनेला नाही सांगता येणार?”

“काका, सुनांच्या भांडणात सासऱ्यानं कशाला पडायचं?” ती हसली.

“भांडू देत की. पण म्हातारं माणूस वाटेत असताना?”

“आणि मागे गाड्या तुंबल्या, तर साहेब मला कच्चं खातील!”

“माझं नाव सांग.”

ती बघतच राहिली. काकाही जरा दचकलेच.

मंजुरीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत आला, तोवर हिवाळा सरला होता. बदल झाला त्या सकाळी काका पडद्याला डोळे लावून बसले. बाई आल्या. एकट्याच. हातात नवऱ्याची काठी, न टेकता नुसती धरलेली. मधोमध येऊन त्या सवयीनं थांबल्या. बाजूला वळून पाहिलं.

चालणाऱ्यांचा दिवा हिरवाच राहिला. गाड्या उभ्या.

“काका, अडकलं की काय?”

“नाही गं. थांबलंय.”

बाई चालू लागल्या. त्या पलीकडच्या फुटपाथवर चढल्या, तेव्हा दिवा लाल झाला.

काकांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं उत्तर खिशातून काढलं. ‘आता दोघांनी सावकाश जावं.’ त्यातलं ‘दोघांनी’ खोडायला पेन उघडलं, पण खाडाखोड केलेलं पत्र पाठवायचं कसं? त्यांनी नवा कागद घेतला. ‘फार उशीर झाला. दिवा आता थांबतो.’ याहून जास्त काही सुचलं नाही.

घरी जाताना त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.