सात चिंचोके

तात्यारावांनी पूर्णा स्टेशनात तीस वर्षं सांधे बदलले. एकही गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही. पण सात चिंचोक्यांपुढं त्यांनी हात टेकले होते.

फोडलेले चिंचोके, एक अंग काळं, एक पांढरं. तीन पांढरे, चार काळे मांडायचे, दर खेपेला कुठलेही दोन पालटायचे आणि शेवटी सगळे काळे करायचे. हे कोडं चांगुणाबाईनं, त्यांच्या बायकोनं, आजारपणात घातलं होतं. "हे जमवा, मग येते नांदेडच्या दवाखान्यात." जन्मात पहिल्यांदा रजा काढून तात्याराव आठ दिवस खाटेजवळ चिंचोके पालटत बसले. नवव्या दिवशी ती गेली.

त्याला दोन वर्षं झाली. पेन्शनीत आलेला म्हातारा रोज दुपारी तोच डाव मांडायचा आणि स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायचा. "येडं टकुरं! तुज्यापायी गेली ती."

ते ऐकून सून रुख्मिणीचा जीव तीळतीळ तुटायचा. पण सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. काय असेल ते दाराच्या चौकटीला सांगायचं. त्या घरात जेवायचं बोलावणंसुद्धा रोज चौकटीलाच जायचं.

एक दिवस ज्वारी निवडताना तिनं सुपातच सात चिंचोके मांडले. पालटत राहिली. पांढरे कधी तीन, कधी पाच, कधी एक, एकदा तर सातही. दोन किंवा चार मात्र कधीच येईनात. तिचा हात थांबला.

चौकट ओलांडून ती थेट सासऱ्यासमोर जाऊन बसली.

"मामंजी, हे व्हायचंच न्हाई."

तात्याराव दचकून बघत राहिले.

"दोन पालटले की पांढरे दोनानं वाढतेत, दोनानं घटतेत, न्हाईतर हायेत तेवढेच ऱ्हातेत. तिनातून दोन-दोन काढून एकबी पांढरा उरणार न्हाई, असं कसं व्हईल? तुमच्या डोक्याचा काय दोष न्हाई."

म्हाताऱ्यानं बोटांवर तीनदा मोजलं. मग डोळे भरून आले.

"म्हंजे तिला ठाऊक व्हतं. तिला दवाखान्यात जायचंच न्हवतं."

रुख्मिणीला वाटलं, उगीच बोललो आपण.

"आठ दिवस माझ्याकडं बघून हसायली व्हती," तात्याराव म्हणाले. "मला वाटायचं, माझ्या येडेपणाला हसती. तीस वर्षं डूटी डूटी केली, पोरी. तिनं मला शेवटी जवळ बसवून घेतलं."

रुख्मिणी चहा टाकायला उठली, तसा त्यांनी तिच्यापुढं चिंचोक्यांचा डाव सरकवला.

"चहा ऱ्हाऊ दे, माय. बस जरा हितं."