फरसबीची शेवटची शेंग

"अहो, हनुवटी वर करा," राधाबाई म्हणाल्या, "आणि श्वास सोडू नका. जॅकेट जुनंच आहे, पोट तेवढं नवीन आहे."

ब्रिगेडियर अनिरुद्ध खांदवे यांनी निमूटपणे हनुवटी वर केली. एरवी या टोमण्याची त्यांनी सव्याज परतफेड केली असती. पण आज गळ्याचा हूक लावायला बायको लागत होती आणि अशा वेळी माणसाने तोंड मिटून घ्यावं, एवढं शहाणपण फौजेत राहून येतंच.

मेस नाइटचा पोशाख म्हणजे एक प्रकरणच असतं. पांढरंशुभ्र, बंद गळ्याचं, कमरेपर्यंतचं जॅकेट. कमरेला पलटणीच्या रंगाचा रुंद पट्टा. छातीवर पदकांची छोटी रूपं, परेडच्या मोठ्या पदकांची जणू बाळंच. या पोशाखातली एक घडी चुकली तरी अनिरुद्धरावांना ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. पलटणीचे कमांडिंग ऑफिसर असताना त्यांनी त्यासाठी दंड लावून दिला होता. हूक उघडा, पदक तिरकं, ग्लास डाव्या हातात किंवा हात खिशात असं काही आढळलं की त्या अधिकाऱ्याने मार्केट यार्डातून फळांची पेटी आणून मेसला द्यायची. त्या काळात पलटणीत फळांना तोटा नव्हता.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात ऐकेनासा झाला होता. डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात सांगितली. गोळ्यांनी बरं वाटायचं, पण चार लोकांसमोर बसलं की हात पुन्हा आपल्याच तालावर चालू. निवृत्तीला महिना उरला होता. अनिरुद्धरावांनी ही गोष्ट बिबवेवाडीच्या फ्लॅटबाहेर जाऊ दिली नव्हती. राधाबाईंनाही तशी ताकीद होती.

आणि नेमक्या याच महिन्यात पलटण पुण्यात होती. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची पलटण मेसमध्ये बोलावून निरोपाचं जेवण घालते. हा मान आयुष्यात एकदाच मिळतो. नाही म्हणायची सोय नसते.

"टोस्टला, तो ग्लास उंचावताना, पाणीच घ्या. चालतं ना?" राधाबाईंनी विचारलं.

"पाणी काय, वाइन काय, सांडलं ते सांडलंच," ते म्हणाले. "शंभर डोळे माझ्या ग्लासकडे असतील. ज्या पोरांना मी उभं कसं राहायचं ते शिकवलं, त्यांच्यापुढे मी लटपटत उभा राहू? मी त्यांना शेवटचा असाच आठवेन, राधा. बाकी सगळं विसरतील आणि हेच लक्षात ठेवतील."

राधाबाईंनी त्यांच्या छातीवरची पदकं सरळ केली, जी आधीपासूनच सरळ होती.

मेसच्या पायऱ्यांवर कर्नल रणजित हरगुडे उभा होता. आता पलटण त्याच्या हाताखाली होती. अनिरुद्धराव कमांडिंग ऑफिसर असताना हाच रणजित वाघोलीजवळच्या वस्तीवरून आलेला कोवळा लेफ्टनंट होता. पंधरवड्यापूर्वी आमंत्रण द्यायला तो घरी आला, तेव्हा अनिरुद्धराव सगळा वेळ उजवा हात पँटच्या खिशात घालून त्याच्याशी बोलले होते. चहाला हात लावला नव्हता. "पित्त झालंय," म्हणाले होते.

आत लांबलचक टेबल, मधोमध चांदीची बक्षिसं, आणि जाळीच्या पडद्यामागे बँड. रणजितच्या उजव्या हाताला अनिरुद्धराव, डाव्या हाताला राधाबाई. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला पलटणीतली सर्वांत तरुण अधिकारी, लेफ्टनंट ऋतिका बसली होती. मेसच्या रिवाजात त्या टोकाला बसणाऱ्याला 'मिस्टर व्हाइस' म्हणतात आणि यजमानाच्या सांगण्यावरून टोस्टची घोषणा तोच करतो. ऋतिका मुलगी असली तरी आज ती मिस्टर व्हाइसच होती. रिवाजाला तेवढं चालतं.

सगळे बसले. अनिरुद्धरावांनी मांडीवरचा रुमाल नीट केला आणि सूपची वाट बघू लागले. सूपची त्यांनी धास्तीच घेतली होती. चमचा वाटीतून तोंडापर्यंत नेणं म्हणजे घाट चढण्यासारखं होतं, आणि त्यासाठी त्यांनी घरी आठवडाभर तालीम केली होती.

सूप आलंच नाही. वेटरांनी एकदम मुख्य जेवणाच्या प्लेटा ठेवल्या. कोंबडीचे हाड काढलेले तुकडे, उकडलेली फरसबी, बटाटा.

सुटलो, असं त्यांना आधी वाटलं आणि लगेच रागही आला. माणसाचा स्वभाव असा असतो. आपल्यालाच सोयीचं झालं तरी मोडलेला नियम त्यांना बघवत नसे.

"रणजित," ते हळूच म्हणाले, "सूप?"

"आज नाही सर."

"मेस नाइटला सूप नाही?"

"उकाडा फार आहे सर."

उकाडा! अनिरुद्धरावांनी ओठ आवळले. राजस्थानच्या वाळूत, तंबूत, घाम निथळत असताना त्यांनी याच पलटणीला वाफाळतं सूप प्यायला लावलं होतं. एक चूक, त्यांनी मनात नोंदवली.

मग त्यांचं सगळं लक्ष काट्या-सुरीकडे गेलं. मेसचा आणखी एक कडक रिवाज होता. यजमानाने काटा-सुरी जोडून प्लेटमध्ये ठेवली की जेवण संपलं. वेटर एकाच वेळी सगळ्यांच्या प्लेटा उचलतात, मग तुमच्या प्लेटमध्ये काय उरलंय याची कुणी चौकशी करत नाही. रणजित भराभर जेवणारा गडी. अनिरुद्धराव मात्र एकेक तुकडा सुरीखाली धरून, काट्याला टोचून, हाताला मनातल्या मनात दटावत घास घेत होते. दोनदा तुकडा काट्यावरून निसटला. त्यांनी मान वर केली नाही. अर्धी प्लेट तशीच राहणार आणि वेटर ती उचलून नेताना आख्खं टेबल बघणार, हे त्यांना दिसू लागलं.

पण प्लेटा उठेनात. आजूबाजूचे सगळे जेवून बसले होते. भिंतीला टेकून वेटर ताटकळले होते. अनिरुद्धरावांनी चोरून शेजारी पाहिलं. रणजितची प्लेट चाटूनपुसून स्वच्छ होती, फक्त मधोमध फरसबीची एक शेंग. तो ती काट्याने इकडून तिकडे ढकलत होता आणि राधाबाईंना कसल्यातरी कुत्र्याची गोष्ट सांगत होता. शेंग डावीकडे गेली, उजवीकडे आली, तोंडात काही जाईना.

काय हा पोरखेळ, अनिरुद्धरावांना वाटलं. कमांडिंग ऑफिसर झाला तरी खायचं वळण लागलं नाही. दुसरी चूक.

ते पुन्हा आपल्या प्लेटकडे वळले आणि शांतपणे शेवटचा घास संपवला. त्यांनी काटा-सुरी जोडली. रणजितने त्याच क्षणी शेंग उचलली, तोंडात टाकली आणि आपली काटा-सुरी जोडली. प्लेटा उठल्या.

पुडिंग आलं, गेलं. मग लाल पोर्ट वाइनची सुरई घेऊन वेटर डावीकडे निघाला, आणि अनिरुद्धरावांचा हात मांडीवरच्या रुमालाखाली जोरात थरथरू लागला. त्यांच्यापुढच्या ग्लासात वेटरने जेमतेम बोटभर वाइन ओतली. वेटरांना मापसुद्धा उरलं नाही, असं त्यांना वाटलं. तिसरी चूक, पण ही त्यांच्या पथ्यावर पडणारी होती.

रणजितने लाकडी हातोडी टेबलावर आपटली आणि उभा राहिला. "मिस्टर व्हाइस, राष्ट्रपती."

दूरच्या टोकाला ऋतिका उठली. आवाज किंचित चिरकला, पण तिने तो सावरला. "उपस्थितहो, भारताचे राष्ट्रपती."

सगळे उभे राहिले. बँडने राष्ट्रगीत वाजवलं. त्या बावन्न सेकंदांत अनिरुद्धरावांचा हात पँटच्या शिवणीला चिकटून होता, त्या हाताने आजवर कधी दगा दिला नव्हता असा. राष्ट्रगीत संपलं. आता ग्लास.

त्यांनी तो उचलला. हात थरथरला, अगदी उघड, कुणालाही दिसेल असा. ग्लासातली वाइन तळाशी गरगर फिरली, काचेवर चढली आणि पुन्हा खाली आली. काठापर्यंत पोचण्याइतकी ती नव्हतीच. पांढऱ्या जॅकेटवर थेंबसुद्धा पडला नाही.

त्यांनी समोर पाहिलं. आणि मग टेबलभर पाहिलं, कारण जे दिसलं त्यावर विश्वास बसेना. रणजितच्या ग्लासात बोटभर वाइन. राधाबाईंशेजारच्या मेजरच्या ग्लासात बोटभर. पाण्याने टोस्ट करणाऱ्यांच्या ग्लासातही बोटभरच पाणी. पार टोकाच्या ऋतिकापर्यंत दोन्ही बाजूंना एकही ग्लास भरलेला नव्हता. त्यांचा ग्लास एकटा वेगळा दिसू नये, म्हणून अख्ख्या पलटणीने तळाशी बोटभर घेतलं होतं.

"राष्ट्रपती," सगळे म्हणाले आणि प्याले. अनिरुद्धरावही प्याले.

खाली बसल्यावर त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "राधाने सांगितलं?"

"नाही सर," रणजित तसाच समोर बघत म्हणाला. "त्या दिवशी घरी तुम्ही माझ्यासमोर सगळा वेळ खिशात हात घालून बसला होतात. तुम्ही! मला तिथेच कळलं, काहीतरी मोठं आहे."

"आणि सूप? आणि ती शेंग?"

"सूप ऋतिकाने सुचवलं. तिच्या आजोबांना हाच त्रास होता." रणजितने पुढ्यातला ग्लास बाजूला सरकवला. "शेंग माझी होती. म्हणजे तुमचीच आहे सर. मी पलटणीत आलो, पहिलीच मेस नाइट. काटा-सुरी हातात धरायचीही माहीत नव्हती. सगळ्यांचं झालं, माझी कोंबडी तशीच. घाम फुटला होता. आणि तुम्ही तिथे, या खुर्चीत, फरसबीची एक शेंग घेऊन बसला होतात. माझं संपेपर्यंत खाल्ली नाहीत. मी बघत होतो."

अनिरुद्धरावांना ती शेंग आठवत नव्हती. खरंच नव्हती. असे कितीतरी नवे लेफ्टनंट आले, त्यांतले निम्मे शेताच्या बांधावरून आलेले, त्यांच्या स्वतःसारखेच. त्या सगळ्यांसाठी ते थांबत असत आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. या पोराने मात्र ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

राधाबाई टेबलापलीकडून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

निरोपाचं भाषण करायला अनिरुद्धराव उठले. सवयीने उजवा हात खिशात गेला. त्यांना माहीत होतं, ही पोरं कशाची वाट बघतायत. पूर्वी प्रत्येक मेस नाइटच्या शेवटी ते उभे राहून त्या रात्रीच्या चुका वाचत असत.

"आज तीन चुका झाल्या," ते म्हणाले. "सूप नव्हतं. तुमच्या कमांडिंग ऑफिसरला एक शेंग खाता येत नव्हती. आणि ग्लास कुणीही भरला नाही. माझ्या वेळी एवढ्या चुकांवर मार्केट यार्डाचा अर्धा गाळा रिकामा झाला असता."

कुणी तरी हसलं आणि चटकन थांबलं.

"मी या खोलीत तुम्हाला रिवाज शिकवले. ते कशासाठी असतात, हे मला आज कळलं, तेही तुम्ही तीन मोडलेत तेव्हा. मी आज इथे घाबरत आलो होतो. तुमच्यासमोर माझी शोभा होईल असं मला वाटत होतं. तुम्ही ती होऊ दिली नाहीत, आणि मला कळूसुद्धा न देता. मी या पलटणीचा ऋणी आहे. मरेपर्यंत राहीन."

एवढं बोलून त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. टेबलाच्या लाकडावर बोटातली अंगठी टकटक वाजली. त्यांनी तो मागे घेतला नाही.

"मात्र आज खरा दंड एकालाच," ते म्हणाले. "खिशात हात घातल्याबद्दल. दोनदा. एकदा घरी, एकदा आत्ता. हापूसच्या दोन पेट्या उद्या सकाळी मेसला पोचतील."

"माफी नाही सर!" दुसऱ्या टोकावरून ऋतिका ओरडली आणि स्वतःच दचकली. मग सगळी मेस टेबल बडवू लागली.

निघताना दारात सगळे अधिकारी रांगेत उभे होते. अनिरुद्धरावांनी एकेकाच्या हातात आपला उजवा हात दिला, थरथरत होता तसा, आणि प्रत्येकाने तो थरथरायचा थांबेपर्यंत धरून ठेवला. कुणालाच घाई नव्हती.