ओर्लाच्या खोलीत

क्लिनिकच्या दारातल्या माणसाने हात आडवा केला, तशी योगिनी पायरीवरच थांबली.

“फक्त पेशंट, लव्ह. सॉरी.”

“पण तिला माझी गरज—”

“काही गरज नाही,” तिच्या आईने मराठीतच सांगितलं आणि तिच्या हातातली फाइल काढून घेतली. “तीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्ड सांभाळलाय मी मिरजेत. एवढं इंग्रजी येतं मला. जा तू, पोरीला वारं लागतंय.”

“फोन चालू ठेव. काही कळलं नाही तर लगेच लाव.”

“ग्रँड!” आई त्या माणसाला म्हणाली. तो मास्कच्या आड हसला. वर्षभरात इथल्या बोलीतला ‘छान’ अर्थाचा हा एकच शब्द आईने उचलला होता आणि तो ती कुठेही ठेवून द्यायची.

योगिनी सानिकाला कडेवर घेऊन गाडीत येऊन बसली. काच खाली केली, वर केली. पोरीच्या हातात बिस्किट दिलं, कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. उगाचच पुन्हा पाहिला.

आई आली होती ती बाळंतपणाला. डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं बॅगेत भरून. सानिका झाली, पाठोपाठ विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांची पाहुणी आयर्लंडमधल्या मलिंगारच्या त्या छोट्या घरात राहूनच गेली. मग हिवाळ्यात खोकला सुरू झाला. टेस्ट केली, कोविड नव्हता, तेव्हा सगळ्यांना केवढं बरं वाटलं होतं! खोकला मात्र गेला नाही. आई जिन्यात मध्येच थांबायला लागली. थांबली की भिंतीवरच्या फोटोची धूळ पुसायची. त्या फोटोवर धूळ नसते, हे योगिनीला माहीत होतं. एक्स-रे झाला, स्कॅन झाला, शेवटी डब्लिनला नेऊन फुप्फुसातला तुकडा काढला. आज त्याचा रिपोर्ट होता.

याच आठवड्यात योगिनीने बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, क्लिनिकला फोन केला होता. पलीकडे ओर्ला नावाची बाई होती. ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे डॉक्टरांसारखे बरेच अधिकार असलेली नर्स.

“रिपोर्ट डॉक्टर कधी सांगतील?” योगिनीने विचारलं होतं.

“मीच सांगेन. या क्लिनिकमध्ये तपासण्या लिहून देते ती मीच, आणि निकालही मीच सांगते. काहीही असलं तरी तुमच्या आईला त्याच दिवशी, माझ्या खोलीत कळेल. वाट पाहायला लावणार नाही.”

योगिनीने नळ आणखी मोठा सोडला. मग हळूच म्हणाली, “एक विनंती होती. वाईट असेल तर आईला नका सांगू. मला सांगा. आमच्यात तसंच करतात.”

ओर्लाला राग आला नाही. ती म्हणाली, “किती जाणून घ्यायचंय, ते मी आधी त्यांनाच विचारेन. आणि कुणाला सांगायचं, तेही. तुम्हाला सांग म्हणाल्या, तर मी स्वतः गाडीपर्यंत येऊन सांगेन. चालेल?”

चालण्यासारखं काही नव्हतं. योगिनीने नळ बंद केला होता.

आता तिने आरसा असा वळवला होता की दार दिसावं. एक म्हातारा बाहेर आला, मग एक बाई. दरवेळी ती पुढे वाकून पाहायची. कुणीतरी नर्सच्या निळ्या कपड्यांतलं आईसोबत बाहेर येईल, ही एवढीच आशा तिने धरून ठेवली होती. तिला सांगायला कुणी आलं, म्हणजे आईने ‘मुलीला सांगा’ म्हटलं.

आई एकटीच आली. दारातल्या माणसाला तिने हात केला, पण ‘ग्रँड’ म्हणाली नाही. गाडीत बसली, पट्टा लावला, मागे वळून सानिकाच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पुसला. अगदी सावकाश.

“काय झालं?”

“काही नाही गं. छान आहे पोरगी, समजावून बोलते. खुर्ची जवळ ओढून बसली.”

“आणि रिपोर्ट?”

“तो डॉक्टर सांगतील. सिस्टरच्या हातात काय असतं? आले नव्हते आज. करतील फोन.”

योगिनीने किल्ली फिरवली. शाळेतून सुटून ती वॉर्डच्या बाकावर दप्तर घेऊन बसायची, तेव्हा आईच्या तोंडून हेच ऐकायची. कुणाची तरी बायको, कुणाचा तरी मुलगा समोर उभा असायचा, आणि आई तापाच्या तक्त्यावरची नजर न उचलता म्हणायची, डॉक्टर सांगतील हं. घरी आल्यावर मात्र त्या रात्री आई जेवायची नाही.

फोन योगिनीच्या मांडीवर होता. ओर्लाचा नंबर त्यात होता. तिने तो पालथा करून दाराच्या कप्प्यात ठेवला.

“करतील की,” ती म्हणाली. “इथे उशीरच लागतो डॉक्टरांना.”

“नाहीतर काय!”

गाडी हमरस्त्याला लागली. बाहेर हिरवी कुरणं, त्यांत मेंढ्या आणि पायांत घोटाळणारी नवी कोकरं. आई बराच वेळ ती पाहत होती. मध्ये एकदा खोकली, रुमाल घडी करून मुठीत ठेवला.

“काय गं,” तिने विचारलं, “इथे बालवाडीत कधी घेतात? सानिकाला?”

पावणेतीन वर्षांच्या आत कुणी घेत नाही, हे योगिनीला पाठ होतं. सानिकाला आत्ता कुठे पहिलं पाऊल फुटत होतं.

“इथे लवकर घेतात आई. या सप्टेंबरलाच जाईल.”

“एवढीशी?”

“हो. एवढीशीच घेतात.”

आईने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. एप्रिल, मे, जून. सप्टेंबरच्या पेरावर तो थांबला आणि तिथेच राहिला.

“मग तिला एक स्वेटर लागेल,” ती म्हणाली. “गाडी थांबव कुठेतरी. लोकर घेऊ.”