पाय भिजतायत

मी एक जुनी माती आहे. डोंगराच्या उतारावरची. पण मित्रांनो, ही गोष्ट सुरू होते तेव्हा मी उतारावर नाही, एका स्वयंपाकघरात आहे. चूल, फ्रीज, भांड्यांची खालची फळी, सगळं माझ्याखाली गेलं आहे. माझ्या अंगावर गुडघे टेकून एक मोठा माणूस दोन्ही हातांनी मला उकरतो आहे आणि "आई, आई" म्हणतो आहे. माझ्याखाली काय आहे आणि काय नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याला ऐकू जाईल असं तोंड मातीला नसतं. म्हणून तुम्हाला सांगते, पहिल्यापासून. तोवर तो उकरणारच आहे.

माझा जन्म दगडाच्या पोटी झाला. कोरियातलं सोलगोल हे गाव ज्या डोंगराला पाठ टेकून बसलं आहे, तो सगळा ग्रॅनाइटचा. त्या दगडाला कुणी हरवलं असेल तर ते पावसानं आणि हिवाळ्यानं, आणि तेही घाई न करता. त्याचा चमकणारा भाग झिजून वाळू झाला, पांढरट भाग मऊ पडून चिकण झाला. अभ्रकाच्या चकत्या तेवढ्या तशाच राहिल्या, विरलेल्या शालूत जरीची तार राहावी तशा. नदीकाठचा गाळ दहा गावं हिंडून आलेला असतो, त्याला जगाच्या गोष्टी ठाऊक असतात. मी मात्र माहेर कधी सोडलं नाही. ज्या दगडाची झाले त्याच्याच अंगावर निजले.

मी खोल आहे. विहीर खणणाऱ्यानं कंटाळून फावडं टाकावं इतकी. वर पाइनची पानं कुजून झालेला काळसर थर, मग तांबूस, मग पिवळट, आणि तळाला हातानं चुरता येईल असा कुजका दगड. मला मुठीत दाबलंत तर गोळा होईल, त्याला बोट लावलंत तर फुटेल. वाळू जास्त, चिकण बेताची.

लोकांनी माझं कौतुक केलं ते एकाच गुणासाठी. माझ्यात पाणी थांबत नाही. पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा पुढच्या दारानं येतो आणि टेकल्यासारखं करून मागच्या दारानं निघून जातो. मागचं दार म्हणजे पायथ्याचा झरा. म्हणून माझ्यातली रताळी कुजत नाहीत आणि मुळांचा श्वास कोंडत नाही.

गुणाला दुसरी बाजू असते, ती कुणी विचारली नाही. माझे कण एकमेकांना घट्ट धरून नसतात. ते नुसते शेजारी शेजारी उभे असतात, जत्रेतल्या माणसांसारखे. पाइनची मुळं त्यांना बांधून ठेवतात आणि पाणी वेळेवर निघून जातं, म्हणून गर्दी शिस्तीत राहते. यातलं एक जरी बिघडलं तर काय होईल, याचा विचार मी स्वतःही टाळत असे.

माझ्या पायथ्याशी, झऱ्याला लागून, प्यो मानसोक आणि त्याची बायको जोमरे यांचं घर होतं. मानसोक फार कमी बोलायचा. जेवायला बसला की "मीठ", पाऊस आला की "कपडे". कुणाचे कपडे, कुठून काढायचे, हे जोमरेनं ओळखायचं. तिनं आयुष्यभर ओळखलं. तो गेला तेव्हा थोरला मुलगा दोक्सू आणि धाकटी मीरान जमिनीची पारख करणाऱ्या एका म्हाताऱ्याला घेऊन माझ्या अंगावर चढली. कोरियात मेलेल्या माणसाला कोरडी जागा लागते. थडग्यात पाणी शिरलं तर तो बेचैन होतो आणि घराला सुख लाभत नाही, असं मानतात.

म्हाताऱ्यानं मला तळव्यावर घेऊन चोळलं, हुंगलं, जिभेच्या टोकाला लावलं.

"भाजलेल्या सोयाबीनचं पीठ जसं," तो म्हणाला. "इथे झोपणारा कोरडा झोपेल."

मग गावातल्या माणसांनी रिंगण करून, गाणं म्हणत, काठ्या आपटत मला मानसोकवर पायांनी घट्ट तुडवलं. वर गोल उंचवटा केला. दर वर्षी शरदातल्या पुनवेच्या आधी त्या उंचवट्यावरचं गवत कापायला मुलं यायची.

"दादा, गवत कापतोयस की बाबांची हजामत करतोयस? एका बाजूला टक्कल पडलंय बघ," मीरान म्हणायची.

"तू ये ना मग विळा घेऊन. नुसती तोंडानं कापतेस."

"करू दे गं त्याला," जोमरे खाली बसून म्हणायची. "जिवंतपणी यांनी कधी वेळेवर केस कापून घेतलेत? आता पळून जाता येत नाही म्हणून गप पडलेत." आणि उरलेली तांदळाची दारू उंचवट्यावर ओतायची. मीच प्यायचे ती. माझे ते चांगले दिवस होते, मित्रांनो.

मग वर पाइनना रोग लागला. तपकिरी पडलेली झाडं कापून नेली. बुंधे राहिले, पण मेलेल्या बुंध्याची मुळं किती दिवस धरून ठेवणार? एकेक मूळ माझ्यात पोकळ होत गेलं. वरून काहीच दिसत नव्हतं. वर छान हिरवं गवत आलं होतं.

खाली दोक्सूनं आईसाठी घर मोठं करायला घेतलं. म्हातारीला बाहेरच्या न्हाणीत जावं लागू नये, स्वयंपाकघर मागे वाढवावं, गाडी लावायला जागा व्हावी. त्यासाठी त्यानं माझा पायथा कापला आणि तिथे उंच भिंत बांधली. भिंतीला पाणी बाहेर यायला भोकं ठेवली होती, एक नळी झऱ्यासाठीही होती. त्या भोकांतून मी सावकाश पाझरायचे. मागच्या अंगणात शेवाळ धरलं. एका सकाळी वाळत टाकलेल्या मिरच्या उचलायला गेलेली जोमरे त्यावरून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला.

दोक्सू त्याच आठवड्यात शहरातून आला. त्यानं सिमेंट कालवलं आणि एकेक भोक स्वतःच्या हातानं, बोटानं गुळगुळीत करत बुजवलं. झऱ्याची नळी तेवढी ठेवली.

"आता घसरशील तर बघ," तो म्हणाला.

"आता घसरायचं म्हटलं तर बाजारात जावं लागेल," जोमरे म्हणाली, आणि त्याच्या हाताला लागलेलं सिमेंट आपल्या कमरेच्या फडक्यानं पुसत बसली.

मी भिंतीच्या आत उभी होते आणि माझं मागचं दार बंद झालं होतं. एवढ्या मायेनं बंद केलेलं दार मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाहुणे येत राहिले, जायला वाट नव्हती. झऱ्याच्या एका नळीतून कितीसं जाणार? पाणी माझ्यात बसलं. मग उभं राहिलं. मग वर चढू लागलं. ज्या थरांनी कधी ओल पाहिली नव्हती ते थर जड झाले, आणि एके दिवशी ती ओल मानसोकच्या पायाशी पोचली.

जोमरेला स्वप्न पडलं. ती मागच्या पडवीत कोबीची पानं धूत मीरानला सांगत होती, म्हणून मला ऐकू आलं.

"तुझे बाबा आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हणाले, पाय भिजतायत."

"आणि?"

"आणि काय? चार शब्दांच्या पुढे ते जिवंतपणी कधी गेले नाहीत, आता मेल्यावर भाषण देणार आहेत?"

मीरान हसली, पण तिनं भावाला फोन केलाच. त्या वर्षी अधिक महिना पावसाळ्याच्या तोंडावर आला होता. कोरियात मानतात की अधिक महिन्यात देवांचं लक्ष माणसांकडे नसतं, म्हणून थडगी हलवायला तोच महिना बरा. त्याच महिन्यात आपलं कफन शिवून ठेवलं तर आयुष्य वाढतं असंही म्हणतात. जोमरेनं तागाचं कापड आणून ठेवलं होतं.

त्यांनी मला उघडलं. आत काळं पाणी होतं.

"माती फिरली," दोक्सू म्हणाला. "त्या म्हाताऱ्यानं फसवलं आपल्याला. कसलं सोयाबीनचं पीठ."

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्यातल्या एकानं जरी मान वळवून खाली पाहिलं असतं. थडग्याच्या सरळ खाली भिंत होती, भिंतीला टेकून नवं स्वयंपाकघर होतं, आणि त्याच्या धुराड्यातून दुपारच्या भाताची वाफ येत होती. पण कुणी पाहिलं नाही. त्यांनी मोठ्या आदरानं मेलेल्याला ओल्या डोंगरातून काढलं, अग्नी दिला आणि शहराबाहेरच्या अस्थिगृहात काचेच्या कप्प्यात नेऊन ठेवलं. जिवंत बाई तिथेच राहिली.

"बाबांना आता एसी आहे," मीरान जाताना म्हणाली.

"मजा आहे त्यांची," जोमरे म्हणाली, आणि कफनाला दोरा ओवायला बसली.

मग पाऊस लागला. थांबेचना. थडग्याचा खड्डा नीट बुजवला नव्हता, त्यातून पाणी सरळ माझ्या पोटात उतरत होतं. माझे कण आता एकमेकांच्या शेजारी उभे नव्हते, तरंगत होते. पायथ्याची नळी आधी गढूळ झाली. मग, धो धो पाऊस पडत असताना, ती बंद पडली. भर पावसात झरा मुका होणं याहून वाईट आवाज डोंगरात नाही.

दुपारी जेवण करून जोमरे पडवीतच कलंडली होती. जागी झाली ती चिडूनच, आणि तिनं मीरानला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन नेहमी मोठ्यानं बोलतो. दोघींचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"अगं, ते परत आले. परत तेच. पाय भिजतायत म्हणे. काचेत बसवलं, एसी लावला, आता आणखी काय करू? छत्री नेऊन देऊ?"

"आई," मीरान म्हणाली, "कुणाचे?"

"काय कुणाचे?"

"पाय. कुणाचे भिजतायत, ते म्हणाले का?"

जोमरेनं फोन खाली ठेवला. सबंध जन्म त्या माणसाची अर्धी वाक्यं तिनं पुरी केली होती. हे एक तिनं चुकीचं पुरं केलं होतं.

ती उठून मागे आली. भिंतीपाशी उभी राहिली. भिंतीला पोट सुटलं होतं, मध्यभागी केसासारखी एक चीर होती. तिनं वाकून नळीला कान लावला. मग भिंतीवर तळवा ठेवला, आणि आम्ही दोघी तशाच राहिलो, मध्ये एक वीत दगड. मी धरून होते. कशाच्या जोरावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बरं," ती म्हणाली. कुणाला, ते तिनंही सांगितलं नाही.

पुढचं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. तिनं कुत्र्याची दोरी सोडली, अर्धं शिवलेलं कफन प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वाटेतल्या दोन घरांच्या दारावर काठी आपटत, तिथल्या माणसांना पुढे घालून, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला सभागृहात गेली. तिथे म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या.

"जोमरे, कफन घेऊन पत्ते खेळायला आलीस? आज हरायची एवढी खात्री?"

"सरका जरा. घरात माझी जागा ओली आहे."

फोन पडवीतच राहिला होता.

मी सुटले. त्याबद्दल जास्त सांगत नाही. आवाज झाला, भिंत गेली, आणि मी त्या स्वयंपाकघरात शिरले, जिथे मला कुणी बोलावलं नव्हतं.

मीरानला आईचा फोन लागत नव्हता, म्हणून तिनं भावाला कळवलं. दोक्सू गाडी रस्त्यातच सोडून धावत आला आणि तेव्हापासून मला उकरतो आहे. ज्या बोटांनी त्यानं भोकं बुजवली होती ती रक्ताळली आहेत. त्याला माझ्यात एक वाटी सापडली, मग एक चप्पल. चप्पल सापडल्यावर त्याचं ओरडणं बंद झालं. तो नुसता उकरत राहिला.

मागून कुत्रं भुंकलं.

"काय शोधतोयस?" जोमरे म्हणाली. तिच्या पायात सभागृहातल्या, दोन वेगवेगळ्या सपाता होत्या. "तिथे माझी भांडी आहेत नुसती."

दोक्सू वळला. मग गुडघ्यांवरच चालत माझ्यातून तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या पायांना मिठी मारली. ते ओले होते. ती त्याच्या केसांतली माती, म्हणजे मला, बोटांनी काढत राहिली.

"बघ," ती चिमूट चुरत म्हणाली. "अजून पिठासारखीच आहे. मातीत खोट नव्हती रे."

मित्रांनो, एवढं कुणीतरी म्हणावं म्हणून मी थांबले होते.

त्यानंतर मला घराबाहेर काढलं गेलं. नवी भिंत बांधणारा गवंडी आला तेव्हा त्यानं विचारलं, "भोकं ठेवू का आजी? मागचं अंगण मात्र ओलं राहील."

"राहू दे ओलं," जोमरे म्हणाली. "मी जपून चालेन."

पण मी अजून सगळी उतरलेली नाही. माझा मोठा भाग अजून वरच आहे, आणि डोंगराला दुसरीही बाजू आहे. तिकडे शहरातून आलेल्या एका कुटुंबानं घर बांधायला घेतलं आहे. दोन लहान मुलं आहेत, ती दिवसभर माझ्यात खड्डे करतात आणि अभ्रकाच्या चकत्या वेचून खिशात भरतात. घरामागे भिंत झाली आहे. पांढरी, सरळ, फार सुंदर. मी ती इथून तिथवर पाहिली. एकही भोक नाही.

तुमच्या घरामागे उतार असेल तर एकदा मागे जाऊन बघा. पाण्याला निघायला वाट आहे का, आणि वाहणारा झरा अचानक गप्प तर झाला नाही ना. दिसलं तर घरातल्या मोठ्या माणसांना सांगा. हसले तरी सांगा. कारण तिकडच्या त्या मुलांच्या घरातलं कुणी माझ्यात झोपलेलं नाही. त्यांच्या स्वप्नात पाठवायला माझ्याकडे कुणीच नाही.