खेळाचं बलुतं

शिरड शहापूरच्या तातेरावाला खोटं बोलता येत नसे, आणि गावाला याचं भारी कौतुक. खऱ्या माणसाचं कौतुक करायला गावाचं काय जातं? त्याच्या खरेपणाचा भुर्दंड नेहमी दुसराच कुणीतरी भरतो.

तातेराव दोन औतांचा शेतकरी, पण जीव सगळा फुटबॉलात. हिंगोलीच्या छावणीतले साहेब खेळायचे ते बघून त्याच्या बापाला हा नाद लागला. छावणी उठून गेली, नाद काही उठला नाही. गावाच्या टीमचा कप्तान तातेरावच, गोलात उभा राहायचा तोही तातेरावच. बाकीचे ढेकळातून पळावं तसं मैदानात पळायचे. खरा खेळाडू एकच होता, युसूफ पिंजारी. त्याच्या पायात बॉल आला की समोरचे चार जण नुसते बघत राहायचे.

पण दसऱ्यानंतर हिंगोलीत सामने भरत, आणि तेच दिवस पिंजाऱ्याच्या धंद्याचे. थंडीच्या तोंडावर गावोगाव गाद्या भरायच्या, रजया करायच्या. त्या महिन्या-दीड महिन्यावर युसूफचं घर वर्षभर चालायचं. एका वर्षी त्यानं साफ सांगितलं की मी औंदा खेळत नाही, घरी तीन लेकरं आहेत.

तातेरावानं चावडीवर माणसं जमवली. तेव्हा तोंड उघडलं ते दगडोबानं. दगडोबा म्हणजे गावातला मोठा शेतकरी, खळ्यावर त्याची रास सगळ्यांत उंच. तो म्हणाला, "सुताराला बलुतं देतो, न्हाव्याला देतो. हा तर गावाचं नाव राखून राहिला. याला काहून न्हाई?"

झालं. दर औतामागं दोन पायल्या जोंधळा असं ठरलं. त्या पौषात युसूफ पोतं घेऊन खळ्यावर आला, सुताराच्या शेजारी उभा राहिला, आणि मान वर करून आपला वाटा घेऊन गेला. बलुतं म्हणजे भीक नव्हे. ते कामाचं असतं, आणि बलुतेदार म्हातारा झाला, आजारी पडला, म्हणून त्याच्या घरचं कुणी तोडत नाही. तातेरावाला वाटलं, आपण मोठं काम केलं. केलंही होतं.

पुढच्या दसऱ्याला, म्हणजे सन छत्तीसला, सामन्यांच्या कमिटीनं नवा कायदा काढला. कोणत्याही टीमनं खेळाडूला खेळण्याबद्दल पैसा किंवा जिन्नस देऊ नये. दिला तर तो खेळाडू बाद. हेतू फार थोर. श्रीमंत टीमांनी खेळाडू विकत घेऊ नयेत, लहान टीमांना न्याय मिळावा! हिंगोलीतल्या जिनिंग कारखान्याच्या सेठनं हैदराबादेहून सहा खेळाडू आणून ठेवले होते, त्यामुळे कायदा ऐकून सगळ्यांत जास्त खूश झाला तो आपला तातेराव. आता सेठची जिरणार, असं तो रस्ताभर युसूफला सांगत होता.

कमिटीपुढं आधी सेठचा मुनीम उभा राहिला. आमचे सहाही जण कारखान्याचे नोकर आहेत, कुणी फिटर, कुणी चौकीदार; पगार नोकरीचा, खेळ हौसेचा, असं त्यानं सांगितलं. त्यातल्या फिटरला मशीनला तेल कुठून घालतात हेही ठाऊक नव्हतं. पण हजेरीच्या वहीत नावं होती. कमिटीनं माना डोलावल्या.

मग तातेरावाला विचारलं, तुम्ही कुणाला काही देता का? युसूफनं हळूच त्याचा सदरा ओढला. पण खऱ्या माणसाला ओढून काय उपयोग? छाती पुढं काढून तो बोलला, "आमच्याकडं असलं काही न्हाई साहेब. आमी आमच्या पिंजाऱ्याला बलुतं बांधून दिलं. आख्खं गाव देतं."

त्याला वाटलं, शाबासकी मिळेल. सेक्रेटरी वकील होते. त्यांनी विचारलं की जोंधळा हा जिन्नस आहे की नाही? आहे. खेळण्याबद्दल देता की नाही? व्हय. युसूफ बाद झाला. कारखान्याचे सहा जण हौशी ठरले आणि शिरडचा पिंजारी पगारी ठरला. गरिबाच्या भल्याचा कायदा पहिल्या फटक्यात गरिबालाच लागला, आणि वकीलसाहेब चहा प्यायला गेले.

बलुतं बंद करा, मग पुढच्या साली खेळवा, असं कमिटीनं सुचवलं. गावानं बंद केलं. ते कुणाला जड गेलं नाही. देणं बंद करायला माणसं लगेच एकमतानं तयार होतात. युसूफ मग काय करणार? दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं तेव्हा तो कारखान्याचा चौकीदार झाला. त्याला पहारा असा नव्हताच. सकाळ-संध्याकाळ मैदान, एवढीच ड्युटी.

सदतीसच्या सामन्यांत शिरडची गाठ कारखान्याशी पडली. युसूफनं दोन गोल मारले, दोन्ही तातेरावाच्या डाव्या हाताला, कारण तो हात आखूड पडतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गोल मारून तो हसला नाही. गाव मात्र त्याला आयाबहिणीवरून शिव्या देत घरी आलं.

महिन्याभरात परभणीच्या सामन्यात युसूफचा गुडघा मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण पाय सरळ होईना. मुनीमानं हिशेब फार स्वच्छ केला: चालता न येणारा चौकीदार कारखान्याला नको, आणि गुडघा कामावर नव्हे, खेळताना मोडला, तेव्हा कारखान्याचं काही देणं नाही. कमिटीपुढं जो फक्त चौकीदार होता, तो लंगडा झाल्यावर फक्त खेळाडू ठरला. युसूफ बैलगाडीतून गावी आला. पिंजायला बसायचं तर गुडघा दुमडावा लागतो, तोही धंदा गेला.

खळी लागली तसा तातेराव दारोदार फिरला. बलुतं पुन्हा सुरू करा म्हणाला. आता तर कमिटीचाही प्रश्न उरला नव्हता. दगडोबा राशीवर सूप धरून उभा होता. त्यानं हात न थांबवता सांगितलं, "गोल त्यानं आपल्यावर मारले. मग बलुतं आपून काहून द्यावं?" बाकीच्यांनीही तेच सांगितलं, फक्त जरा गोड शब्दांत. तातेरावाला संताप आला, पण भांडायला तोंड कुठं होतं? त्या दिवशी कमिटीपुढं ते एकदा गप्प राहिलं असतं तर!

शेवटी आपल्याच राशीतलं पोतं भरून, खांद्यावर घेऊन तो युसूफच्या घरी गेला. युसूफ ओट्यावर पाय लांब करून बसला होता. त्याची बायको अमिनाबी पोत्याकडं बघून दारातच थांबली.

"हे कोणी दिलं?" युसूफनं विचारलं.

खोटं बोलायची हीच वेळ होती. गावानं दिलं, दर औतामागं दोन पायल्या, एवढंच म्हणायचं होतं. तातेरावाची जीभ वळली नाही.

"मी दिलं," तो म्हणाला. "माझ्या घरचं हाय."

 युसूफ अगदी शांतपणे म्हणाला, "गावानं दिलं असतं तर ते बलुतं झालं असतं, तातेरावभाऊ. मी घेतलं असतं. तुमच्या एकट्याचं घेतलं तर खैरात होते."

अमिनाबीनं नवऱ्याकडं बघितलं, मग आत चुलीपाशी बसलेल्या लेकरांकडं बघितलं. तिनं पोत्याचं तोंड धरलं आणि ते घरात ओढून नेलं. युसूफनं मान फिरवली ती तातेराव निघून जाईपर्यंत वळवली नाही.